पायराझिनामाइडची चाचणी आम्लधर्मी माध्यमातच का करावी लागते, आणि 'प्रतिरोधी' निकालावर किती विसंबावे?

काचनळी (प्रश्नकर्ती)

नमस्कार. मी गेली तीन वर्षे क्षयरोगाच्या जिवाणूंचे संवर्धन करणाऱ्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते. द्रव माध्यमातील औषधसंवेदनशीलता चाचण्या आम्ही एमजीआयटी ९६० या यंत्रावर करतो. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल यांच्या चाचण्यांत मला फारशी अडचण येत नाही, मात्र पायराझिनामाइडच्या बाबतीत गेल्या काही आठवड्यांपासून मनात शंका घर करून आहे.

शंकेचे कारण असे की, बाकी सर्व औषधांना संवेदनशील असलेले काही नमुने एकट्या पायराझिनामाइडला प्रतिरोधी दिसू लागले आहेत. त्यांपैकी एका नमुन्याची चाचणी मी वरिष्ठांच्या परवानगीने पुन्हा लावली आणि तो संवेदनशील निघाला. जिवाणू तोच, औषध तेच, यंत्रही तेच, मग निकाल का बदलला? सहकाऱ्यांचे म्हणणे असे की यंत्राने जे दाखवले ते अहवालात लिहावे, आपण त्यात पडू नये. मला हे पटत नाही, कारण त्या कागदावरून कुणाचे तरी औषध बदलले जाणार असते.

माझे प्रश्न थोडक्यात मांडते. इतर औषधांच्या नळ्यांतील माध्यमाचा सामू तटस्थाच्या जवळ असतो, तर पायराझिनामाइडच्या नळीतील माध्यमाचा सामू ५.९ असतो. या एकाच औषधासाठी एवढे आम्लधर्मी माध्यम का लागते? अशा आम्लात क्षयाचे जिवाणू स्वतःच नीट वाढत नाहीत असे मी वाचले आहे, मग त्या चाचणीचा अर्थ कसा लावावा? आणि चुकीचा प्रतिरोधी निकाल येऊ नये म्हणून हाताळणीत नेमके कुठे लक्ष द्यावे? उत्तर सविस्तर दिले तरी चालेल, किंबहुना तसेच हवे आहे.

जुनी पेट्री

आपण चाचणी पुन्हा लावलीत हे योग्यच केले. मी या क्षेत्रातून निवृत्त झालो आहे, पण पायराझिनामाइडच्या नळ्यांपुढे बसून मीही पुष्कळदा हाच प्रश्न स्वतःला विचारला आहे, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

पायराझिनामाइड हे निकोटिनामाइडशी नाते सांगणारे औषध आहे. निकोटिनामाइडचा क्षयाच्या जिवाणूंवर परिणाम होतो हे १९४० च्या दशकात लक्षात आले, त्यावरून त्याच्यासारख्या अनेक रेणूंची तपासणी झाली, आणि १९५२ च्या सुमारास पायराझिनामाइड रुग्णांना दिले जाऊ लागले. त्या काळच्या संशोधकांपुढचे कोडे असे होते की, क्षयग्रस्त उंदरांवर हे औषध स्पष्टपणे गुणकारी ठरत होते, परंतु प्रयोगशाळेतील नेहमीच्या माध्यमात जिवाणूंवर त्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसत नव्हता. १९५४ मध्ये मॅकडर्मॉट आणि टॉम्पसेट यांनी दाखवून दिले की माध्यम आम्लधर्मी केले तर हेच औषध नळीतही काम करते. आज आपण ५.९ सामूचे माध्यम वापरतो त्याचे मूळ तिथे आहे.

आता आम्ल का लागते ते पाहू. पायराझिनामाइड स्वतः जिवाणूला मारत नाही. ते सहज पसरत जिवाणूच्या आत जाते आणि तिथे पायराझिनामिडेज नावाचे विकर त्याचे रूपांतर पायराझिनोइक आम्लात करते. परिणाम घडवतो तो हा दुसरा रेणू. तो आत तयार होतो, परंतु आत टिकत नाही, सावकाश बाहेर पडत राहतो. बाहेरचे माध्यम तटस्थ असेल तर बाहेर पडलेला रेणू विद्युतभारित अवस्थेतच राहतो आणि जिवाणूच्या मेदयुक्त आवरणातून परत आत शिरू शकत नाही. माध्यम आम्लधर्मी असेल तर त्याचा काही अंश भाररहित होतो, पुन्हा आत शिरतो, आत गेल्यावर पुन्हा भारित होऊन अडकतो, आणि अशा रीतीने आत साठत जातो. ही मांडणी बरीच वर्षे प्रचलित आहे. ती संपूर्ण आहे की नाही यावर वाद आहे, पण नळीतील वर्तन समजून घेण्यासाठी ती उपयोगी पडते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नात या चाचणीची खरी अडचण आहे. जितके आम्ल जास्त तितके औषध प्रभावी, पण तितकीच जिवाणूंची वाढही खुंटते. सामू फार खाली नेला तर औषध नसलेल्या कंट्रोल नळीतही काही नमुने वाढत नाहीत, आणि मग तुलना कशाशी करणार? सामू वर ठेवला तर जिवाणू छान वाढतात, पण औषध निष्प्रभ होते. ५.९ हा या दोन्हींमधला समझोता आहे. त्यापूर्वीच्या बॅक्टेक ४६० पद्धतीतही याच पट्ट्यात, सामू ६.० वर, चाचणी होत असे. दोन्हींत औषधाची निर्णायक मात्रा, म्हणजे जिच्यातही वाढ झाली तर जिवाणू प्रतिरोधी ठरतो ती, दर मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम धरली आहे. आयसोनियाझिडची एमजीआयटीमधील मात्रा ०.१ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे हजारपट फरक. एवढी मोठी मात्रा घालूनही जेमतेम निकाल मिळतो, यावरून ही चाचणी किती अरुंद पट्ट्यात चालते याची कल्पना यावी.

त्यामुळे सामू थोडा जरी वर सरकला तरी औषध दुबळे होते, संवेदनशील जिवाणू वाढू लागतो आणि यंत्र त्याला प्रतिरोधी ठरवते. आता हा सामू वर का सरकतो? कारखान्यातून आलेली नळी बहुधा ठीकच असते. सामू सरकतो तो आपण घातलेल्या इनॉक्युलममुळे, म्हणजे चाचणीच्या नळीत सोडलेल्या जिवाणूयुक्त द्रवामुळे. जिवाणूंची संख्या फार झाली तर ते माध्यमाची आम्लता कमी करतात, आणि माध्यमातील अल्ब्युमिनही तेच करते, हे २००२ मध्ये झँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने दाखवले आहे. म्हणून इतर औषधांच्या चाचण्यांत जो किरकोळ निष्काळजीपणा खपून जातो, तो इथे खपत नाही.

हाताळणीविषयी आता नेमके सांगतो. संवर्धनाची नळी पॉझिटिव्ह झाल्याच्या पहिल्या व दुसऱ्या दिवशी इनॉक्युलम तसेच वापरायचे असते, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी एकास चार या प्रमाणात सलाइनमध्ये विरळ करायचे असते. पाच दिवस उलटून गेले असतील तर ती नळी चाचणीसाठी घेऊ नये, नवे उपसंवर्धन करावे, म्हणजे तेच जिवाणू ताज्या माध्यमात पुन्हा वाढवावेत. सोमवारी काम साठले म्हणून सहाव्या दिवसाची नळी वापरली, असे फार ठिकाणी घडते आणि त्याचा पहिला बळी पायराझिनामाइडचा निकाल ठरतो. दुसरी गोष्ट गुठळ्यांची. क्षयाचे जिवाणू दोरखंडासारखे एकमेकांना चिकटून वाढतात. नळी नीट ढवळून काही वेळ स्थिर ठेवावी, गुठळ्या खाली बसू द्याव्यात आणि वरचाच द्रव घ्यावा. पिपेटमध्ये तळची एखादी गुठळी आली तर औषधाच्या नळीत अपेक्षेपेक्षा कितीतरी पट जास्त जिवाणू जातात आणि त्या गुठळीभोवती आम्लता टिकत नाही. घन माध्यमावरून घेत असाल तर काचेच्या मण्यांसह ढवळून, स्थिर ठेवून, गढूळपणाच्या मॅकफार्लंड मापावर ०.५ इतका गढूळपणा जुळवून मग एकास चार विरळ करावे. हे डोळ्यांच्या अंदाजाने करू नये.

कंट्रोल नळीतील इनॉक्युलम इतर औषधांसाठी शंभरपट विरळ केलेले असते, पायराझिनामाइडसाठी ते दहापटच विरळ करतात, कारण आम्लात वाढ मंद असते. चाचणीची मुदतही त्यामुळेच तेराऐवजी एकवीस दिवसांची आहे. वाढ मंद दिसते म्हणून 'थोडे जास्त घालू' असा मोह होतो. तो टाळावा. कंट्रोलमधील वाढ चार दिवसांच्या आत ठरलेल्या पातळीला पोहोचली तर यंत्र एक्स-२०० ही खूण देते आणि मुदतीत पोहोचलीच नाही तर एक्स-४००. पहिली खूण इनॉक्युलम जास्त झाल्याची किंवा दूषित झाल्याची आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष करता कामा नये. मात्र खूण आली नाही म्हणजे इनॉक्युलम योग्यच होते, असाही अर्थ होत नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून औषधाच्या नळीत ०.५ मिलिलिटरऐवजी ०.२५ मिलिलिटर इनॉक्युलम घालून पाहिले गेले आहे. त्यामुळे चुकीचे प्रतिरोधी निकाल घटल्याचे इटलीतील संशोधकांनी दाखवले. आपल्या प्रयोगशाळेत असा बदल मनाने करू नका, वरिष्ठांशी बोलून, माहितीतील नमुन्यांवर पडताळूनच करावा.

रसायनविद्यार्थी

वरच्या उत्तरात 'सामू थोडा जरी वर सरकला' असे म्हटले आहे. हा 'थोडा' किती, हे आकड्यांत मांडून पाहिले. मी वैद्यकक्षेत्रातला नाही, त्यामुळे चूक असल्यास दुरुस्त करावी.

पायराझिनोइक आम्लाचा पीकेए, म्हणजे ज्या सामूवर त्याचे निम्मे रेणू भाररहित असतात तो, २.९ च्या आसपास आहे. सामू ५.९ असताना माध्यमातील दर हजार रेणूंमागे साधारण एकच रेणू भाररहित असतो. सामू ६.२ झाला की हे प्रमाण दोन हजारांत एक होते आणि ६.९ झाला की दहा हजारांत एक. म्हणजे ०.३ ने सामू वाढला की परत आत शिरू शकणारे रेणू निम्मे होतात. जिवाणूच्या आतला सामू ७ च्या आसपास धरला तर, निव्वळ रसायनशास्त्राच्या हिशेबाने, ५.९ च्या माध्यमात आत बाहेरच्या सुमारे साडेबारापट साठा होऊ शकतो, ६.२ वर सहापटीपेक्षा थोडा अधिक, ६.५ वर जेमतेम तिप्पट. सामू हे लघुगणकी माप असल्यामुळे ०.३ हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात तो अर्ध्या औषधाएवढा असतो.

साध्या सामूपट्टीवर हा फरक ओळखता येणार नाही. त्यासाठी नीट जुळवलेला सामूमापकच हवा.

जुनी पेट्री

हिशेब बरोबर आहे आणि तो इथे मांडल्याबद्दल आभारी आहे. एक इशारा मात्र तातडीने देतो. सामू मोजायचा असेल तर जिवाणू न घातलेल्या, त्याच खेपेच्या कोऱ्या नळीतला मोजावा. जिवाणू घातलेली नळी सामू पाहण्यासाठी उघडू नये. ज्यात क्षयाचे जिवंत जिवाणू वाढले आहेत अशा द्रवात सामूमापकाची कांडी बुडवणे हा जिवावरचा धोका आहे, आणि त्यातून मिळणारी माहिती त्या मोलाची नाही. कोरी नळी ठीक आहे आणि ज्ञात संवेदनशील जिवाणू एच३७आरव्ही व ज्ञात प्रतिरोधी बीसीजी (क्षयाच्या लशीतला जिवाणू) हे दोन्ही अपेक्षेप्रमाणे वागत आहेत, एवढे दिसले की दोष माध्यमात नसून इनॉक्युलममध्ये शोधावा.

मायक्रो_वाचक

आम्लाच्या सापळ्याची मांडणी सर्वांनी गृहीत धरली आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कामात असे दिसले की, परिस्थिती जुळवून आणली तर तटस्थ सामूवरही क्षयाचे जिवाणू पायराझिनामाइडला संवेदनशील ठरू शकतात, आणि जिवाणूच्या आतील आम्लीकरण हे मृत्यूचे कारण मानण्याची गरज पडत नाही. पुढे पॅनडी या विकराकडे लक्ष गेले. हे विकर कोएन्झाइम ए तयार होण्याच्या साखळीतले आहे. पायराझिनोइक आम्ल त्याला चिकटले की जिवाणू स्वतःच ते विकर मोडीत काढतो आणि त्याची कोएन्झाइम एची निर्मिती अडते, असे पुरावे आहेत. याचा अर्थ, आम्ल हे औषधाच्या परिणामाचे मूळ कारण नसून त्याला हातभार लावणारी परिस्थिती असू शकते. पाठ्यपुस्तकांतील जुने चित्र शिकवताना एवढी सावधगिरी बाळगायला हवी असे मला वाटते.

जुनी पेट्री

आपले म्हणणे मान्य आहे. म्हणूनच मी वाद असल्याचे लिहिले होते. परंतु प्रश्नकर्तीच्या नळीपुरते पाहिले तर, यंत्रणा कोणतीही असो, सध्याच्या प्रमाणित चाचणीत सामू वाढला की औषधाचा परिणाम घटतो, हे निरीक्षण अबाधित आहे. तटस्थ सामूवर चालणारी विश्वासार्ह नेहमीची चाचणी हाती येईपर्यंत ५.९ शी इमान राखणे भाग आहे.

काचनळी

सर्वांचे मनापासून आभार. इनॉक्युलमच्या नोंदी काढून पाहिल्या. शंकास्पद निकालांपैकी बरेचसे नमुने चौथ्या किंवा पाचव्या दिवसाचे होते आणि नोंदवहीत 'विरळ केले' ही खूण सगळ्यांपुढे नव्हती. ती राहून गेली की कृतीच राहून गेली, हे आता सांगता येणार नाही, आणि याची मला फार टोचणी लागली आहे.

आणखी दोन गोष्टी विचारते. माध्यमाच्या सामूचा परिणाम इतर औषधांच्या चाचण्यांवर होतो का? आणि रुग्णाच्या शरीरात ५.९ सामू कुठे असतो? म्हणजे आमच्या नळीतील स्थितीचा आणि फुप्फुसातील स्थितीचा काही संबंध आहे का?

मायक्रो_वाचक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. परिणाम होतो, आणि काही औषधांवर तो उलट्या दिशेने होतो. स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन ही अमिनोग्लायकोसाइड गटातील औषधे आम्लात दुबळी पडतात, कारण जिवाणूच्या आत शिरण्यासाठी त्यांना आवरणावरील विद्युत दाबाची मदत लागते आणि आम्लात ती कमी मिळते. म्हणून पायराझिनामाइडच्या आम्लधर्मी माध्यमात चुकूनही दुसरे औषध तपासू नये. क्षयेतर मायकोबॅक्टेरियांपैकी एव्हियम गटासाठी क्लॅरिथ्रोमायसिन तपासतानाही हाच प्रश्न येतो. सामू ६.८ वर ते ७.४ च्या तुलनेत कमजोर दिसते, त्यामुळे कोणत्या सामूवर चाचणी केली हे सांगितल्याशिवाय तिथला आकडा अर्थहीन ठरतो.

सामूखेरीज माध्यमाचा प्रकारही मात्रा बदलतो. अंड्यापासून केलेल्या लोवेन्स्टाइन-जेन्सन माध्यमात रिफाम्पिसिनची निर्णायक मात्रा ४० मायक्रोग्रॅम आहे, तर द्रव माध्यमात ती पूर्वी १ होती आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ०.५ केली. अंड्यातील घटक औषध धरून ठेवतात आणि माध्यम गोठवताना दिलेल्या उष्णतेत काही औषध नष्टही होते. त्याच अंड्याच्या माध्यमात सामू हवा तसा राखणे अवघड असल्याने पायराझिनामाइडसाठी ते आता वापरत नाहीत.

अजून एक ठिकाण सांगून ठेवतो. थुंकीचा नमुना सोडियम हायड्रॉक्साइडने शुद्ध केल्यावर ६.८ सामूच्या फॉस्फेट बफरने तो नीट तटस्थ केला नाही, तर गाळाबरोबर अल्कली माध्यमात जाते. वाढलेल्या संवर्धनातून चाचणी लावताना याचा फारसा त्रास होत नाही, परंतु नमुन्यातून थेट चाचणी लावणाऱ्यांनी हे विसरू नये.

छातीविकार_वैद्य

दुसऱ्या प्रश्नाबद्दल मी लिहितो, कारण आम्ही रोज हे औषध देतो आणि त्याचा निकाल हातात घेऊन निर्णय करतो.

आम्लधर्मी जागा शरीरात आहेत. क्षयाचा जिवाणू ज्या महाभक्षक पेशींत राहतो, त्यांच्या आतील पिशवीचा सामू पेशी शांत असताना साधारण ६.२ ते ६.४ असतो आणि पेशी चेतवली गेली की तो ५ च्या किंवा त्याहूनही खाली जातो. तीव्र दाह असलेल्या ऊतींतही आम्लता असते. याउलट, पोकळीतील चीजसारख्या मृत भागाचा सामू तटस्थाजवळ आढळला आहे. म्हणजे एकाच रुग्णाच्या एकाच फुप्फुसात काही जिवाणू आपल्या नळीसारख्या परिस्थितीत असतात आणि काही अजिबात नसतात. ब्रिटनचे डेनिस मिचिसन यांनी मांडलेल्या विचारानुसार, आम्लात मंदावलेल्या ज्या जिवाणूंपर्यंत इतर औषधे नीट पोहोचत नाहीत, त्यांना पायराझिनामाइड मारते. रिफाम्पिसिनच्या जोडीला हे औषध आल्यावर क्षयाचा उपचार नऊ महिन्यांवरून सहा महिन्यांवर आणता आला. आपण ते पहिले दोन महिनेच देतो, त्यामागेही दाह ओसरला की आम्लधर्मी जागा घटतात हाच तर्क सांगितला जातो.

म्हणून आपल्या निकालाचे मोल मोठे आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी प्रथम होणाऱ्या सीबीनॅट या जनुकीय चाचणीत रिफाम्पिसिनविषयी आणि लाइन प्रोब या दुसऱ्या जनुकीय चाचणीत रिफाम्पिसिन व आयसोनियाझिड यांविषयी कळते, पायराझिनामाइडविषयी काहीच कळत नाही. ज्या रुग्णाचा जिवाणू आयसोनियाझिडला प्रतिरोधी आणि रिफाम्पिसिनला संवेदनशील आहे, त्याला लेव्होफ्लॉक्सासिन, रिफाम्पिसिन, इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड असे सहा महिन्यांचे उपचार दिले जातात. त्यात पायराझिनामाइड सहाही महिने असते. अशा वेळी चुकीचा प्रतिरोधी निकाल आला तर आम्ही एक उपयोगी औषध सोडून देतो. उलट, खरा प्रतिरोध कळला नाही तर यकृताला इजा करू शकणारे आणि युरिक आम्ल वाढवणारे औषध रुग्ण कारण नसताना महिनोन् महिने घेत राहतो. प्रयोगशाळेने 'पुन्हा तपासत आहोत, अंतिम निकाल नंतर कळवू' असे एक ओळीत कळवले तरी आम्हाला त्याचा मोठा उपयोग होतो. थांबण्याची आमची तयारी असते, पण निकाल शंकास्पद आहे हे आम्हाला कुणी सांगत नाही.

काचनळी

डॉक्टरसाहेब, हे एका ओळीचे कळवणे मी आमच्या वरिष्ठांपुढे मांडले आणि त्यांनी ते मान्य केले. नव्या उपसंवर्धनातून, दिवस मोजून, विरळ करून, गुठळ्या बसू देऊन आम्ही शंकास्पद नमुन्यांच्या चाचण्या पुन्हा लावल्या. एक सोडून सगळे संवेदनशील निघाले. राहिलेला एक नमुना तिसऱ्या वेळीही प्रतिरोधीच आहे. बाकी सर्व औषधांना तो संवेदनशील आहे, कंट्रोल नीट वाढते आणि एच३७आरव्हीचा निकालही योग्य आहे. याचे पुढे काय करावे?

जुनी पेट्री

हा निकाल आता गांभीर्याने घ्यावा. दोन शक्यता आहेत आणि दोन्ही तपासण्याजोग्या आहेत.

पहिली, पीएनसीए या जनुकातील बदल. पायराझिनामिडेज याच जनुकातून तयार होते, आणि ते बिघडले की औषधाचे आम्लात रूपांतरच होत नाही. हे १९९६ मध्ये स्पष्ट झाले. जनुक ५६१ अक्षरांचे, म्हणजे १८६ अमिनो आम्लांचे छोटेसे आहे, मात्र प्रतिरोध देणारे बदल त्याच्या संपूर्ण लांबीवर विखुरलेले सापडतात, रिफाम्पिसिनसारखे एका छोट्या पट्ट्यात गोळा झालेले नाहीत. म्हणून इथे संपूर्ण जनुकाचा क्रम वाचणे हाच भरवशाचा मार्ग आहे. सापडलेल्या बदलाचा अर्थ जागतिक आरोग्य संघटनेच्या उत्परिवर्तनांच्या यादीत पाहता येतो. तिची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. क्रमवाचन माध्यमाच्या सामूवर अवलंबून नसते, त्यामुळे वादग्रस्त नळीला ते चांगला साक्षीदार ठरते. संदर्भ प्रयोगशाळेकडे नमुना पाठवण्याची विनंती करावी. ती सोय होईपर्यंत जुनी वेन चाचणीही माहिती देते. पायराझिनामाइड घातलेल्या अगारवर जिवाणू वाढवून वर फेरस अमोनियम सल्फेट घातले की विकर शाबूत असल्यास गुलाबी पट्टा उमटतो. पट्टा उमटला नाही तर विकर गेले आहे असे समजावे. विकर शाबूत असूनही क्वचित प्रतिरोध असू शकतो, म्हणून उमटलेल्या पट्ट्यावरून संवेदनशीलता सिद्ध झाली असे धरू नये.

दुसरी शक्यता पुष्कळांच्या ध्यानातही येत नाही. बाकी सर्व औषधांना संवेदनशील आणि एकट्या पायराझिनामाइडला प्रतिरोधी, हे गाईगुरांत क्षय घडवणाऱ्या मायकोबॅक्टेरियम बोव्हिसचे ठळक लक्षण आहे. त्याच्या पीएनसीएमध्ये ५७ व्या जागी हिस्टिडिनऐवजी अस्पार्टिक आम्ल असते, म्हणून तो जन्मतःच या औषधाला दाद देत नाही. बीसीजी त्याच्यापासूनच तयार केलेली असल्याने तीही देत नाही, आणि म्हणूनच आपण तिला प्रतिरोधी कंट्रोल म्हणून वापरतो. आपली नेहमीची ओळख चाचणी क्षयगटापर्यंतच सांगते, गटातील कोणता हे सांगत नाही. क्रमवाचनाला पाठवताना प्रजाती ओळखण्याचीही मागणी नोंदवावी. आणि एक शक्यता तपासून मगच पुढे जावे, ती म्हणजे त्याच दिवशी त्याच मंचावर लावलेल्या बीसीजीच्या कंट्रोलमधून हा नमुना दूषित झालेला नाही ना. तिन्ही वेळा मूळ नमुन्यातून उपसंवर्धन केले होते की आधीच्या चाचणीच्या नळीतून, हे नोंदवहीत पाहून कळवावे.

छातीविकार_वैद्य

त्या रुग्णाच्या डॉक्टरांना आजच फोन करावा. घरी गाई-म्हशी आहेत का, कच्चे दूध घेतले जाते का, गाठींचा किंवा पोटाचा क्षय आहे का, आणि रुग्ण लहान मूल असल्यास बीसीजीच्या लशीच्या जागी किंवा त्या बाजूच्या काखेत सूज आहे का, एवढे विचारून घ्यावे. क्रमवाचनाचा निकाल येण्याआधी ही माहिती हातात असली तर त्यांना उपचारांचा विचार लगेच सुरू करता येईल.

काचनळी

पहिली दोन उपसंवर्धने मूळ नमुन्यातून होती, तिसरे पहिल्या चाचणीच्या कंट्रोल नळीतून केले गेले होते. उद्या मूळ नमुन्यातूनच पुन्हा लावते आणि त्या दिवशी बीसीजीची नळी वेगळ्या वेळी, सर्वांत शेवटी उघडते. डॉक्टरांना फोन झाला आहे. घरी दोन गाई आहेत.

जुनी पेट्री

मग क्रमवाचनाच्या विनंतीत ही माहितीही लिहा, आणि मूळ नमुन्याचा उरलेला भाग टाकून देऊ नका.